दिवस भरण्याआधी आलेलं बाळ आणि हृदयाजवळची उघडी वाट

 

आजचा विषय थोडा अवघड आहे. पण गेल्या काही महिन्यांत तुमच्याकडून जे प्रश्न आले, त्यांतले बरेच या एकाच गोष्टीभोवती फिरत होते. नातवंड सातव्या महिन्यात झालं, काचेच्या पेटीत ठेवलंय, आणि डॉक्टर म्हणतात, 'पी.डी.ए. उघडा आहे, औषध देऊन बघू.' घरात कोणी म्हणतं हृदयाला भोक पडलंय. कोणी म्हणतं ऑपरेशन करावं लागणार. तिसरा कोणी औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचून म्हणतो, 'अहो, हे तर तापाचं औषध! हृदयाला तापाचं औषध कशाला?'

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. मी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. विज्ञानाचा पदवीधर आहे, आणि गुंतागुंतीची गोष्ट जवानाला कळेल अशी समजावून सांगणं हे माझं निम्मं आयुष्यभराचं काम होतं. तेच इथे करतो. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच राहील. पण ते काय बोलतायत हे आपल्याला समजलं तर भीती निम्मी होते, आणि चुकीच्या सल्ल्यापासून बाळ वाचतं.

ही वाट असते कशासाठी?

आईच्या पोटात बाळ श्वास घेत नाही. त्याची फुप्फुसं पाण्यासारख्या द्रवाने भरलेली असतात. प्राणवायू मिळतो तो वारेतून, नाळेवाटे. मग हृदयाने फुप्फुसांकडे भरपूर रक्त पाठवून उपयोग काय? म्हणून निसर्गाने एक आडवाट ठेवली आहे. हृदयातून फुप्फुसांकडे जाणारी मोठी नळी म्हणजे फुप्फुसधमनी, आणि सगळ्या शरीराला रक्त पुरवणारी मोठी नळी म्हणजे महाधमनी. या दोघींना जोडणारी एक आखूड रक्तवाहिनी असते. तिचं नाव डक्टस आर्टेरिओसस. फुप्फुसांकडे निघालेलं बरंचसं रक्त या वाटेने वळून थेट महाधमनीत जातं.

म्हणजे पहिली गोष्ट लक्षात घ्या. हे हृदयाला पडलेलं भोक नाही. ही वाट हृदयाच्या बाहेर आहे, आणि ती आपल्या प्रत्येकाला होती. तुम्हालाही, मलाही. ती नसती तर आपण जन्मालाच आलो नसतो.

बाळ जन्मतं, रडतं, फुप्फुसांत हवा शिरते. आता रक्ताला फुप्फुसांकडे जायलाच हवं, आडवाट नको. पूर्ण दिवसांच्या बाळात ती साधारण पहिल्या एक ते तीन दिवसांत आवळून बंद होते आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कायमची मिटते. मागे उरतो तो एक दोरीसारखा तंतू. तो आयुष्यभर आपल्या छातीत असतो.

ही बंद होते कशी, हे समजलं की औषध कसं चालतं ते आपोआप समजेल. तिच्या भिंतीत स्नायू असतात. त्या स्नायूंना दोन हुकूम मिळत असतात. एक हुकूम 'उघडी राहा' असा, तो देतं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन. पोटात असताना ते मुबलक असतं, कारण वार ते बनवत असते. दुसरा हुकूम 'आवळ' असा, तो देतो प्राणवायू. जन्मानंतर वार सुटते, शिवाय फुप्फुसांतून वाहणारं रक्त वाढल्यामुळे उरलेलं प्रोस्टाग्लँडिन तिथे नष्ट होतं. पहिला हुकूम थांबतो. रक्तातला प्राणवायू वाढतो, दुसरा हुकूम सुरू होतो. वाट बंद.

लडाखमध्ये राहिलेल्यांना इथे एक गोष्ट चटकन पटेल. खूप उंचावरच्या प्रदेशात जन्मलेल्या मुलांमध्ये ही वाहिनी उघडी राहण्याचं प्रमाण सपाटीवरच्या मुलांपेक्षा जास्त आढळतं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या गावांमध्ये हे फार पूर्वीच नोंदवलं गेलंय. कारण साधं आहे. हवा विरळ, प्राणवायू कमी, म्हणून 'आवळ' हा हुकूम क्षीण.

अपुऱ्या दिवसांच्या बाळात काय बिनसतं?

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं. जगात २०२० साली अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, आणि त्यांतली ३० लाखांहून अधिक एकट्या भारतात. जगात सर्वात जास्त. म्हणजे हा प्रश्न कुठल्या तरी दूरच्या देशातला नाही, आपल्या प्रत्येक जिल्ह्यातला आहे.

यांतली बहुतेक बाळं ३२ आठवड्यांनंतरची असतात, आणि त्यांची ही वाट बहुधा आपली आपण मिटते. खरा प्रश्न असतो २८ आठवड्यांच्या आत आलेल्या, किलोभर किंवा त्याहूनही कमी वजनाच्या बाळांचा. अशा निम्म्याहून अधिक बाळांत पहिल्या काही दिवसांत वाट उघडीच राहते. कारण तिचे स्नायू अजून कोवळे असतात. प्राणवायूचा हुकूम त्यांना नीट ऐकू येत नाही आणि प्रोस्टाग्लँडिनचा मात्र फार मोठ्याने ऐकू येतो. फुप्फुसं कच्ची, त्यामुळे ते रसायन नष्टही हळू होतं. त्यात जंतुसंसर्ग झाला तर ते आणखी वाढतं.

आता उघड्या वाटेने होतं काय? जन्मानंतर दाब उलटतो. महाधमनीत दाब जास्त, फुप्फुसधमनीत कमी. म्हणून रक्त उलट्या दिशेने, महाधमनीतून परत फुप्फुसांकडे वाहू लागतं. कालव्याचं उदाहरण घ्या. मुख्य कालव्याच्या कडेला एक दार उघडं राहिलं. दाराजवळचं शेत पाण्याने तुंबलं आणि टोकाचं शेत कोरडं पडलं. बाळात तुंबतात ती फुप्फुसं. त्यामुळे श्वास जड होतो, व्हेंटिलेटरवरून काढणं लांबतं, कधी फुप्फुसात रक्तस्रावही होतो. कोरडी पडतात ती आतडी आणि मूत्रपिंडं. दूध पचत नाही, पोट फुगतं, लघवी कमी होते. मेंदूच्या रक्तपुरवठ्यातही चढउतार होतात. हृदयाला तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलावं लागतं आणि ते दमतं.

एक गोष्ट आई-वडिलांना फार चटका लावते. बाळ पहिले दोन-तीन दिवस सुधारतं, प्राणवायू कमी लागतो, घरी फोन जातो की आता बरं आहे. आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा धाप. घरच्यांना वाटतं हॉस्पिटलात हयगय झाली. बऱ्याचदा तसं नसतं. फुप्फुसं जशी मोकळी होतात तसा त्यांच्यातला दाब उतरतो, आणि दाब उतरला की उघड्या वाटेने येणारा लोंढा वाढतो. सुधारणेतूनच ही अडचण पुढे येते.

ओळखतात कसं?

डॉक्टरांना छातीत एक विशिष्ट आवाज ऐकू येतो, त्याला मर्मर म्हणतात. नाडी उड्या मारल्यासारखी जोरात लागते. रक्तदाबाच्या वरच्या आणि खालच्या आकड्यांत अंतर वाढतं. पण काही बाळांत वाट मोठी असूनही आवाज येत नाही. म्हणून खात्री करायची ती टू-डी इकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने. ती पेटीजवळच होते, सुई नाही, दुखणं नाही.

इकोत डॉक्टर वाटेची रुंदी मोजतात. दीड मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर ती मोठी समजतात. दीड मिलिमीटर म्हणजे आपल्याला काहीच नाही, पण किलोभराच्या बाळाला ती नदी असते. त्याखेरीज हृदयाचा डावा कप्पा फुगलाय का, खालच्या अवयवांकडे रक्त नीट जातंय का, हेही बघतात.

इकोचं आणखी एक काम आहे, आणि ते फार महत्त्वाचं. काही बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असा असतो की ही उघडी वाट हाच त्यांचा एकमेव आधार असतो. ती बंद केली तर बाळ दगावेल. अशा बाळांना उलट प्रोस्टाग्लँडिनचंच औषध शिरेतून देऊन वाट मुद्दाम उघडी ठेवतात. म्हणून इको न करता घाईने औषध सुरू करणं धोक्याचं. लक्ष्य ओळखल्याशिवाय गोळी झाडायची नाही, हा आमच्याकडचा नियम इथेही लागू आहे.

औषध सापडलं कसं?

१९३८ सालापर्यंत या वाटेवर काही उपायच नव्हता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात रॉबर्ट ग्रॉस या तरुण सर्जनने सात वर्षांच्या एका मुलीची छाती उघडून ही वाहिनी बांधून टाकली. त्याचे प्रमुख विल्यम लॅड त्या वेळी सुट्टीवर होते. मुलगी बरी झाली. आजच्या हृदयशस्त्रक्रियेच्या इतिहासात हा दिवस मैलाचा दगड मानतात.

पण सात वर्षांची मुलगी वेगळी आणि आठशे ग्रॅमचं बाळ वेगळं. त्या बाळांसाठी काही सौम्य हवं होतं. १९७१ मध्ये इंग्लंडात जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं की ॲस्पिरिन आणि त्याच्या जातीची औषधं शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवतात. याच कामासाठी त्यांना १९८२ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. तिकडे कॅनडात टोरोंटोमध्ये कोचियानी आणि ऑली यांनी कोकराच्या वाहिनीवर प्रयोग करून दाखवलं की प्रोस्टाग्लँडिनने ती सैल पडते. आता दोन आणि दोन चार करणं बाकी होतं. प्रोस्टाग्लँडिन वाट उघडी ठेवतं, आणि वेदनाशामक औषध प्रोस्टाग्लँडिन थांबवतं. मग तेच औषध बाळाला दिलं तर?

१९७६ मध्ये एकाच नियतकालिकात दोन लेख आले. एक सॅन दिएगोच्या विल्यम फ्रीडमन आणि सहकाऱ्यांचा, दुसरा सॅन फ्रान्सिस्कोच्या मायकेल हेमन आणि सहकाऱ्यांचा. सांधेदुखीवर दिलं जाणारं इंडोमेथॅसिन अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देऊन वाट बंद होते, हे दोघांनीही दाखवलं. छाती न उघडता, केवळ औषधाने.

तीन औषधं

पहिलं हे इंडोमेथॅसिन. परिणामकारक आहे, पण ते मूत्रपिंड, आतडी आणि मेंदू यांचा रक्तपुरवठाही काही काळ कमी करतं. त्यामुळे लघवी घटते.

दुसरं आयब्युप्रोफेन. होय, अंगदुखीवर आपण घेतो तेच. २००० साली बेल्जियममधल्या व्हॅन ओव्हरमेयर यांच्या गटाने १४८ बाळांत दोन्ही औषधांची तुलना केली. वाट बंद होण्याचं प्रमाण इंडोमेथॅसिनने ६६ टक्के आणि आयब्युप्रोफेनने ७० टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. पण आयब्युप्रोफेनच्या गटात लघवी घटल्याची बाळं बरीच कमी होती. पुढच्या अभ्यासांतही ते मूत्रपिंडाला आणि आतड्याला तुलनेने सौम्य ठरलं. नेहमीची पद्धत अशी, की २४ तासांच्या अंतराने तीन डोस, वजनाच्या दर किलोला पहिला १० मिलिग्राम आणि नंतरचे दोन ५-५ मिलिग्राम. शिरेतून देता येतं, आणि नळीवाटे पोटात दिलं तरी तितकंच चांगलं चालतं असं दिसून आलंय.

तिसरं पॅरासिटामॉल. २०११ मध्ये जेरुसलेमच्या डॉक्टरांनी पाच बाळांचा अनुभव छापला. ज्यांना आयब्युप्रोफेन चाललं नाही किंवा देता येत नव्हतं अशा या बाळांची वाट पॅरासिटामॉलने बंद झाली. तेही प्रोस्टाग्लँडिनच थांबवतं, फक्त कारखान्यातल्या वेगळ्या टप्प्यावर. साधारणपणे दर किलोला १५ मिलिग्राम, दर सहा तासांनी, तीन ते सात दिवस देतात. मूत्रपिंड किंवा प्लेटलेटची अडचण असलेल्या बाळाला याचा आधार होतो. यकृताकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं.

हे आकडे मी सांगितले ते घरी वापरायला नव्हे, तर अंदाज यावा म्हणून. मोठ्या माणसाची पॅरासिटामॉलची गोळी ५०० मिलिग्रामची. किलोभराच्या बाळाचा डोस १५ मिलिग्राम. हातातल्या हातात चूक व्हायला किती जागा आहे ते बघा. हे काम तिथल्या डॉक्टर आणि नर्सचंच.

आमच्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांची नात २७ आठवड्यांची जन्मली. त्यांचा मुलगा उत्तरेत नोकरीला, आसपास मराठी बोलणारं कोणी नाही, डॉक्टर बोलणार इंग्रजी आणि हिंदी. पाचव्या दिवशी संमतीपत्रावर सही मागितली आणि सांगितलं, पॅरासिटामॉल देतोय. लगेच गावाकडून नातेवाइकांचे फोन. 'एवढे पैसे घेतात आणि तापाचं औषध देतात, बाळाला तिथून हलवा.' सुभेदार साहेबांनी मला विचारलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, 'साहेब, बाटलीवरचं नाव एकच असलं तरी काम वेगळं आहे. आणि सातशे-आठशे ग्रॅमचं बाळ या अवस्थेत गाडीत घालून हलवणं हाच मोठा धोका आहे. डॉक्टरांना कारण विचारा, समजून घ्या, मग सही करा.' त्यांनी बाळ हलवलं नाही. औषधाचा कोर्स संपल्यावर इको झाला तेव्हा वाट अगदी बारीक उरली होती, आणि घरी न्यायच्या आधी ती मिटली.

पण मंडळी, यावरून औषधामुळेच वाट मिटली असं मी म्हणणार नाही. कदाचित ती आपली आपणही मिटली असती. एका बाळावरून हे ठरवता येत नाही. आणि इथेच आजच्या विषयाचा सर्वात महत्त्वाचा भाग येतो.

औषध द्यायचं की थांबायचं?

अनेक वर्षं समज असा होता की वाट उघडी आहे ना, मग करा बंद, जितकी लवकर तितकी बरी. तर्क बरोबर वाटतो. पण तर्क आणि निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२००१ मध्ये एका मोठ्या अभ्यासात अतिशय कमी वजनाच्या १,२०२ बाळांपैकी निम्म्यांना जन्मल्याबरोबर, वाट उघडी आहे की नाही हे न बघताच, इंडोमेथॅसिन दिलं. वाट उघडी राहण्याचं प्रमाण घटलं. मेंदूतला गंभीर रक्तस्रावही कमी झाला. पण दीड वर्षांनी तपासलं तेव्हा, मोठ्या अपंगत्वाशिवाय जगलेल्या मुलांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं.

२०२३ मध्ये युरोपातल्या एका अभ्यासाचा निकाल आला. २८ आठवड्यांच्या आतली २७३ बाळं, सगळ्यांची वाट दीड मिलिमीटरहून मोठी. एका गटाला लगेच आयब्युप्रोफेन, दुसऱ्या गटात नुसतं बारकाईने लक्ष ठेवायचं. मृत्यू, आतड्याचा गंभीर आजार किंवा फुप्फुसाचा चिवट आजार यांपैकी काहीतरी झालेली बाळं औषधाच्या गटात ६३.५ टक्के होती आणि थांबलेल्या गटात ४६.३ टक्के. म्हणजे थांबल्याने तोटा झाला नाही.

२०२४ मध्ये ब्रिटनमधून आणखी मोठा अभ्यास आला, ६५३ बाळांचा. इथे एका गटाला आयब्युप्रोफेन आणि दुसऱ्याला औषधासारखं दिसणारं साधं द्रावण, जन्मानंतर ७२ तासांच्या आत. मृत्यू किंवा फुप्फुसाचा आजार औषधाच्या गटात ६९.२ टक्के, दुसऱ्या गटात ६३.५ टक्के. फरक असा नव्हता की ज्यावरून औषधाला दोष द्यावा. पण फायदाही दिसला नाही.

मग औषध निरुपयोगी का? तसंही नाही. या अभ्यासांनी सांगितलं ते एवढंच, की वाट मोठी दिसली म्हणून पहिल्या तीन दिवसांत सरसकट सगळ्यांना औषध देऊन बाळाचं भलं होत नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्येच पहिल्या दोन आठवड्यांत सरसकट औषध देऊ नये असं सांगितलं होतं. पण ज्या बाळाची फुप्फुसं तुंबलीत, व्हेंटिलेटर सुटत नाही, हृदय दमलंय, अशा निवडक बाळाला औषध द्यायचं का आणि कधी, हा डॉक्टरांच्या पारखीचा प्रश्न आजही उरतो. या अभ्यासांतही ज्यांची तब्येत बिघडली अशा काही बाळांना पुढे उपचार द्यावेच लागले.

म्हणून तुमचे डॉक्टर म्हणाले, 'वाट उघडी आहे, पण आपण थांबू,' तर त्याला हयगय समजू नका. थांबणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. पाणी मोजून देणं, व्हेंटिलेटरचा दाब नीट ठेवणं, दूध सांभाळून वाढवणं, रोज तपासणं, गरज पडली तर पुन्हा इको करणं, हे सगळं त्यात येतं. टेहळणी हीसुद्धा कारवाईच असते. आणि दुसरे डॉक्टर म्हणाले, 'या बाळाला औषध द्यायलाच हवं,' तर तेही पैशासाठीच म्हणतायत असं समजू नका. दोन शेजारच्या पेट्यांतल्या बाळांना वेगवेगळे उपचार असू शकतात.

औषध कधी देत नाहीत, आणि चाललं नाही तर?

इंडोमेथॅसिन आणि आयब्युप्रोफेन देण्याआधी डॉक्टर काही गोष्टी बघतात. कुठे रक्तस्राव चालू नाही ना, प्लेटलेट फार कमी नाहीत ना, लघवी नीट होते ना, आतड्याचा आजार नाही ना, कावीळ फार चढलेली नाही ना. यांपैकी काही असेल तर औषध पुढे ढकलतात किंवा बदलतात. म्हणून औषधाच्या दिवसांत नर्स लघवीचे लंगोटसुद्धा वजन करून बघतात. त्याचं नवल वाटून घेऊ नका.

पहिल्या कोर्सने वाट मिटली नाही तर कधी दुसरा कोर्स देतात. त्यानेही भागलं नाही आणि बाळ अडकूनच असेल, तर वाहिनी बंद करण्याचे दोन मार्ग उरतात. एक, छातीच्या डाव्या बाजूला छोटा छेद घेऊन ती बांधणं. दुसरा नवा, मांडीतल्या शिरेतून बारीक नळी सरकवून वाटेत एक चिमुकलं बूच बसवणं. ७०० ग्रॅमपासूनच्या बाळांसाठी बनवलेल्या अशा एका बुचाला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. हे काम मोजक्याच मोठ्या केंद्रांत होतं.

आणि एक खुलासा. ही औषधं चालतात ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांत, तीही पहिल्या काही आठवड्यांत. पूर्ण दिवसांच्या बाळाची किंवा मोठ्या मुलाची वाट उघडी सापडली तर या गोळ्यांनी ती मिटत नाही. तिथे बूच किंवा शस्त्रक्रिया. कृपा करून मोठ्या मुलाला घरी काही देत बसू नका.

घरच्यांनी काय करावं?

डॉक्टरांना हे पाच प्रश्न विचारा. कागदावर लिहून न्या, कारण तिथे गेल्यावर डोकं चालत नाही.

१. वाट किती मोठी आहे, आणि तिचा बाळाला नेमका कोणता त्रास होतोय?
२. हृदयात दुसरा काही दोष नाही ना, हे इकोत बघितलंय का?
३. औषध आत्ताच का, किंवा थांबायचं ते का?
४. कोणतं औषध, किती दिवस, आणि त्या काळात कशावर लक्ष ठेवणार?
५. पुढचा इको कधी, आणि घरी गेल्यावर पुन्हा तपासणी कधी?

आईचं दूध, चमचाभर का असेना, काढून देत राहा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्याला त्याच्याइतकं रक्षण कशाचंच नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की बाळाला उघड्या छातीशी धरा, ज्याला कांगारू पद्धत म्हणतात. बापानेही धरावं, त्यात लाजायचं काही नाही.

खर्चाची चिंता मोठी असते हे मला ठाऊक आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी तान्ह्या बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची सोय सरकारी हॉस्पिटलात मोफत आहे. नवजात बाळांसाठी खास कक्ष जिल्हा रुग्णालयांत असतात. तुम्ही कुठल्याही राज्यात असा, तिथे चौकशी करा.

आता जन्माआधीची गोष्ट. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं तर सकाळची वाट बघू नका. वेळेत पोचलात तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देता येतात. त्याने बाळाची फुप्फुसं लवकर पक्व होतात, मेंदूतला रक्तस्राव कमी होतो आणि ही वाट उघडी राहण्याचा धोकाही घटतो. हे इंजेक्शन स्वस्त आहे, आणि पुढचे कितीतरी महागडे दिवस वाचवतं.

आणि गरोदर बाईने डोकं दुखतं, कंबर दुखते म्हणून दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असलेली गोळी आणून घेऊ नये. जे औषध जन्मानंतर वाट मिटवतं, तेच पोटातही मिटवू शकतं, आणि तिथे ती उघडी असायलाच हवी. विसाव्या आठवड्यानंतर तर बाळाच्या मूत्रपिंडांवरही परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. अनेक संयुक्त गोळ्यांत हे औषध लपलेलं असतं. पाकिटाच्या मागचं वाचा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका.

तुमचे काही प्रश्न

भोपाळहून एका आजींनी विचारलंय, सातव्या महिन्याचं जगतं आणि आठव्याचं जगत नाही, हे खरं का? आजी, हे अगदी उलट आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूचा असतो. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा बळकटच.

सुरतहून प्रश्न आहे, ही वाट पुढे पुन्हा उघडते का? अगदी लहान बाळांत औषधाने आवळलेली वाट काही दिवसांत पुन्हा सैल पडू शकते, म्हणूनच इको पुन्हा करतात. एकदा कायमची मिटली की मग उघडत नाही.

हैदराबादहून एका बाबांनी विचारलंय, डिस्चार्ज मिळाला तरी वाट थोडी उघडी आहे, आता काय? घाबरू नका. अशा बऱ्याच बाळांची वाट पुढच्या काही महिन्यांत घरीच मिटते. पण तपासणीची तारीख चुकवू नका. आणि दूध पिताना धाप लागणं, कपाळाला घाम येणं, वजन न वाढणं, यांतलं काही दिसलं तर तारखेची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

आजच्यासाठी इतकं पुरे. हा भाग ज्या घरात सध्या कोणी पेटीबाहेर बसून आहे, त्या घरापर्यंत पोचवा. पुढच्या भागात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांच्या तपासणीबद्दल बोलू. तीही वेळेत न झाल्याने फार नुकसान होतं.

काळजी घ्या. जय हिंद.